लेकीच्या लेकराला सुई नाही

तीर्थपुरीच्या ज्युनिअर कॉलेजात मी एकवीस वर्षं जीवशास्त्र शिकवतो आहे. एवढ्या वर्षांत रायबोसोम पाठ असलेली माणसं मला ढिगानं भेटली, समजलेलं एकही भेटलं नाही. "रायबोसोम हा पेशीतला प्रथिनांचा कारखाना आहे" हे वाक्य पोरं झोपेत म्हणतात. एक मार्काचं वाक्य आहे. पुस्तक इंग्रजीत, पोरांचं डोकं मराठीत आणि गाईड खिशात, म्हणून हा कारखाना कोण चालवतं, त्यात काय येतं नि काय जातं, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. पालकांना तर मुळीच नसतं. त्यांचा प्रश्न एकच, सर, इम्पॉर्टंट काढून दिलं का?

मी काढून देतो. त्यासाठीच मला तालुक्यात मान आहे. परीक्षेआधी पुस्तकावर खुणा करून द्यायच्या, बाकीचं खोडायचं, आणि मग शिकवल्यासारखा चेहरा करून बसायचं. विज्ञान प्रदर्शनात माझ्या वर्गानं थर्माकोलचा रायबोसोम केला होता, एक लहान गोळा, एक मोठा गोळा, मधून दोरी आणि दोरीला मणी. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी तो हातात घेऊन वळवून पाहिला आणि मक्याचं कणीस म्हणून त्याचं कौतुक केलं. आमच्या प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझ्या भाचीचे कान. माझ्या बहिणीची ही मुलगी अकरा वर्षांची, शिकायला माझ्याकडे होती. तिचे दोन्ही कान धडधाकट होते. ते माझ्या घरात आणि माझ्या हट्टानं गेले. ते वाचवता येण्याइतकं ज्ञान ज्या दोन माणसांकडे होतं, त्यातली एक माझी माय. दुसरा मी. मायनं तिचं ज्ञान वापरायचा प्रयत्न केला. मी माझं मार्कांसाठी राखून ठेवलं होतं.

मायचं माहेर हसनाबादकडचं, मेंढरं वळणारं घर. ती बारा वर्षांची असताना छातीच्या दुखण्यावर तिला सुया दिल्या. दुखणं गेलं आणि कानही गेले. बोलणं राहिलं, पण मोठ्या आवाजात, कारण स्वतःचा आवाज तिला कळत नाही. तिच्या भावाचंही तसंच झालं. मग तिच्या थोरल्या बहिणीच्या मुलाला कसल्यातरी तापात सुया दिल्या, तोही बहिरा झाला. भावाच्या पोरांना मात्र वाटेल तेवढ्या सुया टोचल्या तरी काही झालं नाही. एवढं पाहून त्या घरातल्या बायकांनी एक नियम करून ठेवला: लेकाच्या लेकरांना सुई चालते, लेकीच्या लेकरांना चालत नाही. हा नियम आईनं लेकीला सांगायचा, लेकीनं तिच्या लेकीला. पुरुषांना कुणी सांगायच्या भानगडीत पडत नसे, कारण त्यांच्या पोरांना धोकाच नव्हता.

मायच्या मोठ्या आवाजामुळे मला हे लहानपणापासून माहीत होतं आणि नोकरी लागल्यापासून त्याची लाज वाटायची. सुईला म्हणे नातं कळतं. औषध आधी विचारून घेतं, तू मुलाचा का मुलीचा? वर्गात अंधश्रद्धेचं उदाहरण द्यायचं झालं की मी कुणाचं घर ते न सांगता हेच द्यायचो. पोरं खदाखदा हसायची. माझ्या एकवीस वर्षांच्या नोकरीत तेवढ्या एका तासाला पोरांचं लक्ष असायचं.

भाचीच्या जन्मानंतर बहिणीकडे राहायला गेलेल्या मायनं तिला लस टोचू द्यायलाही नकार दिला होता. नर्सबाई दोनदा परत गेल्या. तिसऱ्या वेळी मी रजा टाकून बहिणीच्या गावी गेलो आणि लस द्यायला लावली. पोरीला एक दिवस ताप आला, दुसऱ्या दिवशी ती खेळायला लागली. लसीनं कुणाचे कान जात नाहीत. तेव्हा मी बरोबर होतो आणि आजही त्यात मला शंका नाही. पण त्या एका विजयावर मी अकरा वर्षं मिशीला पीळ देत फिरलो. मायचा नियम खोटा ठरला, विषय संपला. सगळ्या सुया सारख्या नसतात, आत भरलेलं औषध वेगळं असतं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मला कळायची गरज वाटली नाही, कारण मी शिक्षक होतो.

गेल्या गणपतीत भाचीला थंडी वाजून ताप भरला. पाठ दुखायची, लघवीला आग व्हायची. बसस्टँडाजवळच्या डॉक्टरकडे नेलं. हा माझाच विद्यार्थी. बारावीला तो पानंच्या पानं पाठ करायचा आणि मधला एक शब्द विसरला तर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचा. आता त्याच्या भिंतीत खिळ्यांची रांग आहे नि प्रत्येक खिळ्याला सलाईन. कुणी पाय मुरगळून आलं तरी आधी सलाईन लावतो, मग विचारतो. त्यानं पोरीचं पोट दाबून पाहिलं नि म्हणाला, "सर, जंतू हायेत. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ जेंटाची सुई देऊ. गोळ्यांनी बराबर होत न्हाई." लघवी तपासायची का, असं मी विचारलं नाही. माझ्या विद्यार्थ्यानं ठरवलं होतं, म्हणजे माझंच डोकं चाललं असणार.

घरी आलो तर माय दारात उभी. बातमी कुणी दिली कोण जाणे, ऐकू न येणाऱ्या माणसाला गावातलं सगळं आधी कळतं.

"सुई देऊ नको तिला," ती गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "गोळ्या घाल. काढा दे. लेकीच्या लेकराला सुई चालत न्हाई, किती बार सांगून राह्यले मी."

मी हातांनी सांगितलं, मागच्या वर्षी तुझ्या नातवाला हीच सुई दिली होती, काय झालं त्याला? माझ्या मुलाला न्यूमोनिया झाला होता तेव्हा खरंच हीच सुई दिली होती. माझा पुरावा पक्का होता.

"तो सुनेचा हाये," माय म्हणाली. "ही लेकीची हाये."

मी हसलो. तिला हसणं ऐकू येत नाही म्हणून चांगलं दात दाखवून हसलो, म्हणजे दिसावं.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. ती घनसावंगीच्या पुढं गोदावरीकाठच्या गावात दिलेली, घरी ऊस, त्यात सासू आजारी, तिला लगेच निघता येत नव्हतं. पोरीचं सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एकच विचारलं, "दादा, सुईचं मायला विचारलं का?"

"विचारलं," मी म्हणालो. "हो म्हणाली."

"खरंच हो म्हणाली?"

"बिलकुल. तीच म्हणाली घेऊन जा."

माय त्या वेळी ओसरीत बसून, पोरीचं डोकं मांडीवर घेऊन, अजूनही मोठ्यानं नाहीच म्हणत होती. फोनवर ते ऐकू गेलं असतं म्हणून मी परसात जाऊन बोलत होतो.

तिसऱ्या दिवशी सुई घेऊन येताना पोर म्हणाली, "मामा, कानात रातकिडे ओरडून राह्यलेत." मी डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, "अशक्तपणा हाये, सर." मी ते वाक्य जसंच्या तसं पोरीला सांगितलं. दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं सांगण्याचाच मी पगार घेतो. दहाच्या दहा सुया पूर्ण झाल्या. ताप गेला. मी मायला खुणेनं म्हणालो, बघ, बरी झाली का नाही?

पुढचे काही आठवडे मी पोरीवर ओरडत होतो. मागून हाक मारली तर ओ देत नव्हती. शाळेतून तक्रार आली, लक्ष नसतं, दुसरंच उत्तर देते. मी म्हणालो, मोबाईलचा परिणाम. शिक्षकांची ही पिढीजात सवय, काही कळेना की मोबाईल. शेवटी मायनंच परीक्षा घेतली. पोर पाटावर बसून जेवत होती. माय तिच्या पाठीमागे गेली, पितळी तांब्या कमरेइतका उचलला नि फरशीवर सोडून दिला. मी दचकलो. पोरीनं पुढचा घास घेतला. माय तिच्या मानेकडे पाहत होती.

"मान हालली न्हाई," ती म्हणाली, आणि खाली बसली.

जालन्याला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बहीणही गावाहून तिकडेच आली. पोरीला काचेच्या खोलीत बसवून, कानाला डबे लावून तपासणी केली. बाईंनी कागदावरची घसरत गेलेली रेघ दाखवली. बारीक आवाज पूर्ण गेलेत, जाडे अर्धेमुर्धे उरलेत, गेलेलं परत येणार नाही. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणी बहिरं आहे? मुलीच्या आईच्या बाजूचं?"

मी मोजायला लागलो. माझी आई. आईचा भाऊ. मावशीचा मुलगा.

"सुयांनंतर?"

"हो."

"आणि त्या भावाची मुलं?"

"ती चांगली आहेत," मी म्हणालो, आणि मोजायला उघडलेली बोटं मिटून घेतली. कारण बाई पुढं काय बोलणार ते मला पाठ होतं.

ते सांगतो, कारण कणीस समजणाऱ्या लोकांत मी आयुष्य काढलं आहे आणि एकदा तरी नीट सांगायला हवं. पेशीच्या गाभ्यात सगळ्या प्रथिनांचा मजकूर लिहून ठेवलेला असतो. हवा तेवढा मजकूर एका लांब चिठ्ठीवर उतरून बाहेर येतो. रायबोसोम ती चिठ्ठी पकडतो आणि तीन-तीन अक्षरांनी वाचत पुढं सरकतो. प्रत्येक तीन अक्षरांना एक ठरलेला मणी असतो, त्याला अमिनो आम्ल म्हणतात. मणी घेऊन येणारे लहान-लहान हमाल वेगळे, प्रत्येकाच्या अंगावर तीन अक्षरांची जोड असते. ती चिठ्ठीशी जुळली तर मणी माळेत ओवायचा, नाही जुळली तर हमालाला परत धाडायचं. सेकंदाला कितीतरी मणी. माळ पूर्ण झाली की ती आपोआप दुमडते आणि कामाला लागते, कुणी रक्तात प्राणवायू वाहतं, कुणी केस होतं. मालक नाही, मुकादम नाही, चहाची सुट्टी नाही. त्याला कारखाना म्हणणारा माणूस आमच्या जालन्याच्या एमआयडीसीत तरी कधी गेला असेल का, असं मला वाटतं.

जंतूंनाही रायबोसोम असतात, फक्त घडण थोडी वेगळी. जेंटासारखं औषध, मायला दिलेलंही याच जातीचं, जंतूच्या रायबोसोमला नेमकं वाचायच्या जागी जाऊन चिकटतं. मग तो भलत्याच हमालाला आत घेतो, भलताच मणी ओवतो. सगळ्या माळा चुकीच्या होतात आणि जंतू स्वतःच्याच कामानं मरतो. आपले रायबोसोम वेगळे, म्हणून आपण वाचतो. पण आपल्या पेशीत ऊर्जा तयार करणारे जे मायटोकॉन्ड्रिया असतात, ते फार फार पूर्वी जंतूच होते. त्यांच्याकडे त्यांचे स्वतःचे रायबोसोम अजून आहेत, जुन्या घडणीचे. एखाद्या घराण्यात त्या रायबोसोमच्या एका अक्षरात बदल असतो. तेवढ्यानं तो जंतूच्या रायबोसोमसारखा आणखी दिसायला लागतो, आणि औषध त्यालाच जाऊन चिकटतं. आतल्या कानातल्या नाजूक पेशी त्यात मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. मायटोकॉन्ड्रिया मुलाला मिळतात ते फक्त आईकडून. बापाचे मिळत नाहीत.

म्हणजे तो बदल आईकडून लेकीला जातो, लेकीकडून तिच्या लेकरांना. लेकाला मिळतो पण त्याच्यापाशीच संपतो. मेंढरं वळणाऱ्या, सही न येणाऱ्या बायकांनी तीन-चार बहिरी पोरं पाहून हे बरोबर ताडलं होतं, आणि नियमही त्याच वाटेनं पुढं पाठवला होता, लेकीकडून लेकीकडे. तोच बदल माझ्यातही आहे, नंतर रक्त तपासलं तेव्हा अहवालात आला. आणि मी? मायटोकॉन्ड्रियाचे रायबोसोम जंतूंसारखे असतात, हे मी एका धड्यात खूण करून द्यायचो. मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतात, हे दुसऱ्या धड्यात. काही औषधं जंतूंच्या रायबोसोमवर काम करतात, हे तिसऱ्यात होतं आणि ते मी खोडायला सांगायचो, कारण परीक्षेला येत नाही. तीन पानं कधी एकत्र वाचली नाहीत. डॉक्टर विद्यार्थ्याला मी मूर्ख म्हणतो, तो आहेच. पण त्याला घडवणारा गाढव कोण, हे तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे.

बाईंनी एक कागद करून दिला, या घरातल्या कुणाला कोणती औषधं कधीच द्यायची नाहीत त्याचा. बहिणीनं तो घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवला. परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. अंबडच्या अलीकडे एकदाच बोलली. "पण दादा, माय हो कशी म्हणाली?"

मी म्हणालो, "वय झालं तिचं."

भाऊबीजेला बहीण आली. माझी बायको मुलांना घेऊन तिच्या भावाकडे गेली होती, घरात आम्ही चौघंच. बहिणीनं पाट मांडला, मला कुंकू लावलं, सुपारी नि अंगठी फिरवली, ओवाळलं. भाची समोर कोपऱ्यात बसून आमच्या तोंडांकडे पाहत होती. आता ती सगळ्यांच्या तोंडांकडेच पाहते, आणि हातांकडे. आजीच्या खुणा तिला आधीपासून येत होत्या, त्या आता तिच्याही झाल्या आहेत.

ताट खाली ठेवलं आणि बहिणीचा बांध फुटला. तिनं पदर तोंडावर घेतला, पूर्ण तोंड झाकलं, आणि आतून रडत म्हणाली, "माय, तुला समदं माहीत व्हतं. आम्हाला तूच सांगितलं. मंग तू हो कशी म्हणाली? माझ्या लेकराला सुई द्यायला तू हो कशी म्हणाली?"

तोंड झाकलेलं, ओठ दिसत नव्हते. मायनं नेहमीसारखं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणून राह्यली ती?"

सांगायची वेळ होती. बहिणीचे हात पदराला गुंतलेले, तेवढ्यापुरता मीच दुभाषी होतो. बहिणीचे डोळे पदराआड होते. मी हात वर केला, बोटं जुळवून बशी धरल्यासारखी केली आणि ओठांना लावली. चहा घेतेस का?

"हो," माय म्हणाली. तिच्या आवाजात, भिंतीपार जाईल असं, "हो."

बहीण आणखी मोठ्यानं रडायला लागली. मला सुटल्यासारखं वाटलं. अशा वेळी माणसाला लाज वाटत असेल असं लोक लिहितात, मला तरी वाटली नाही. मी पाटावरून उठलो आणि पोरीच्या आईला थोपटायला लागलो, चांगल्या भावासारखा. मायची चूक आहे, पण म्हाताऱ्या माणसाला काय बोलणार, असंही म्हणालो.

एवढ्यात आतून गॅस पेटल्याचा आवाज आला. भाची कोपऱ्यातून कधी उठून गेली ते मी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं ती कप-बशा घेऊन आली आणि पहिला कप आजीपुढं ठेवला.

बहिणीनं पदर डोळ्यांवरून खाली घेतला. कपाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. "हिला चहाचं कोणी सांगितलं?"

आता ओठ दिसत होते. मायनं ते वाचले. "ह्यानं इचारलं ना आत्ता," ती माझ्याकडे हात करून म्हणाली, "चहा घेती का म्हणून. म्या हो म्हणाले." मग तिनं आमच्या तिघांच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं आणि मला विचारलं, "का? तिनं काय इचारलं व्हतं?"

बहिणीनं डोळे पुसले, पदर कमरेला खोचला, सरकून मायच्या समोर बसली, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, हळूहळू, स्वतःच्या हातांनी.